मापात पाप नको: पंख्यावरचे तारे आणि आपली निवड

“आता घरात पंखा कुठला लावायचा, हेही सरकारच सांगणार का?” उन्हाळा तोंडावर आला की जालन्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत हा सवाल हमखास ऐकू येतो. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांचं लेबल बंधनकारक झालं, तेव्हापासून जरा जास्तच. जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान 20 ते 28 अंशांच्या पट्ट्यातच ठेवता येईल असा नियम आणण्याचा मनोदय सांगितला आणि मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. विनोद सोडून दिले तरी त्यामागचा सवाल खरा आहे. पैसे माझे, घर माझं, घाम माझा. मग वस्तू कुठली घ्यायची हे दिल्लीतलं एखादं कार्यालय का ठरवणार?

माझं मत आधीच सांगून टाकतो. विजेच्या बचतीचे हे नियम आपल्यासारख्या ग्राहकाच्या बाजूचे आहेत. आपली निवड आवळली गेली आहे ती दुसऱ्याच गोष्टींनी: हातात रोख पैसा नसणं, दुरुस्तीची सोय नसणं, आणि वस्तू एकानं निवडायची व बिल दुसऱ्यानं भरायचं ही आपल्या घरांमधली रीत. नियमांवर चिडण्यात ताकद घालवण्यापेक्षा ते अर्धेच का राबवले जातात, हे विचारायला हवं.

मुळात नियम काय आहे ते पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली मार्च 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, स्थापन झाला. 2006 मध्ये एक ते पाच ताऱ्यांची लेबलं आली. सुरुवातीला ती कंपन्यांच्या मर्जीवर होती, मग एकेक वस्तू सक्तीच्या यादीत गेली: एसी, फ्रिज, टीव्ही, गिझर, एलईडी दिवे, पंखे. कायद्याच्या कलम 14 नुसार केंद्र सरकार एखाद्या उपकरणासाठी किमान पातळी ठरवू शकतं आणि त्याखालचा माल बनवायला, विकायला किंवा आयात करायला मनाई करू शकतं. म्हणजे एक तारा ही सगळ्यात खालची पायरी. तिच्याखालचा माल बाजारात येता कामा नये. तिच्यावर एक तारा घ्या की पाच घ्या, तो तुमचा मामला.

पंख्याचे तारे ठरतात ते एका साध्या भागाकारानं: पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो, भागिले तो किती वॅट खातो. आपल्या घरात असतो त्या 1200 मिलिमीटरच्या पंख्याचा हा आकडा निदान 4 असेल तर एक तारा, 6 किंवा जास्त असेल तर पाच. मिनिटाला 210 घनमीटर हवा धरली तर एक ताऱ्याचा पंखा जास्तीत जास्त 52 वॅट खाऊ शकतो आणि पाच ताऱ्यांचा 35. आता आपल्या छताला पंधरा वर्षं लटकलेला जुना पंखा बघा. तो साधारण 75 वॅट खातो. आजच्या मापानं त्याला एक ताराही मिळणार नाही. पाच ताऱ्यांचे बहुतेक पंखे बीएलडीसी मोटरचे असतात आणि 30 वॅटच्या आसपास तीच हवा देतात.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट समजवायला लांबचं उदाहरण नको. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, आणि पुढे जालन्याचं नाव देशभर बियाण्यांमुळे झालं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, वापराची मुदत कधीपर्यंत, हे छापावं लागतं. 1966 चा बियाणे कायदा तसं सांगतो. भोकरदनचा किंवा मंठ्याचा शेतकरी लेबल नसलेली पिशवी हातात धरतो का? आणि या लेबलामुळे आपलं स्वातंत्र्य गेलं, अशी तक्रार त्यानं कधी केली का? कारण त्याला ठाऊक आहे की बी पेरल्यावर ते खोटं होतं हे कळून काही उपयोग नसतो. पंख्याचं, फ्रिजचं तसंच आहे. वस्तूला दोन किमती असतात. एक काउंटरवर मोजायची, दुसरी दर महिन्याच्या बिलातून दहा-पंधरा वर्षं मोजायची. पहिली किंमत दुकानदार सांगतो. दुसरी लेबल येण्याआधी कुणीच सांगत नव्हतं.

आपल्या दीनमध्ये तर मापाला केवढं वजन आहे! तराजूत खोट घालणाऱ्याला कुरआननं इतक्या कडक शब्दांत बजावलं आहे की एक पूर्ण सूरा मापचोरांच्याच नावानं ओळखली जाते. जुन्या इस्लामी शहरांत मोहतसिब नावाचा अधिकारी असायचा. बाजारात फिरून वजनमापं तपासणं, भेसळ पकडणं हे त्याचं काम. दुकानदारानं काय विकावं हे तो ठरवत नसे. जे विकतो ते सांगितल्याप्रमाणे आहे का, हे बघे. मराठीतही आपण म्हणतोच की, मापात पाप नको. ताऱ्याचं लेबल म्हणजे विजेच्या बाजारातलं ते शिक्का मारलेलं माप आहे.

तरीही काही वाचकांच्या मनात संशय उरेल आणि तो का उरतो हे मला समजतं. घराच्या उंबऱ्याच्या आत शिरणाऱ्या नियमांचा आपल्याला अनुभव आहे. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा ठरला. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण मांस बाळगण्यावरची ही तरतूद माणसाच्या खासगीपणाचा विचार करून रद्द केली. असा अनुभव गाठीशी असलेला समाज ‘सरकारचा नवा नियम’ हे शब्द ऐकले की कान टवकारणारच.

पण म्हणून सगळे नियम एकाच दावणीला बांधणं बरोबर नाही. कुठल्याही नियमाला मी तीन प्रश्न विचारतो. बंधन कोणावर आहे, माल बनवणाऱ्या-विकणाऱ्यावर की घरात राहणाऱ्यावर? नियमाचा आधार मोजता येतो का, आणि ते मोजमाप कुणालाही तपासता येतं का? तिसरा, तो सगळ्यांना सारखा लागू आहे का? पंख्यावरचे तारे या तिन्ही कसोट्यांना उतरतात. बंधन कारखान्यावर आहे, मोजमाप प्रयोगशाळेतलं आहे, आणि जुन्या जालन्यातल्या गल्लीत व मुंबईतल्या टॉवरमध्ये नियम एकच आहे.

एसीच्या तापमानाचा प्रस्ताव मात्र पहिल्याच प्रश्नावर अडखळतो, कारण तो थेट खोलीतल्या माणसाचा हात धरतो. याच बाबतीत आधीपासून असलेला एक नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. 1 जानेवारी 2020 पासून तारे मिळालेला प्रत्येक एसी चालू केला की 24 अंशांवरच सुरू झाला पाहिजे. कमी करायचं असेल तर बटण तुमच्या हातात आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव असा की बहुतेक माणसं आधीपासून ठरवून दिलेली सेटिंग बदलतच नाहीत. म्हणून ती सेटिंग विचार करून ठेवणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी, आणि ती बदलता येणं हा वापरणाऱ्याचा हक्क. बीईईच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशानं वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. 18 ऐवजी 24 वर सुरू होणारं यंत्र कुणावर जबरदस्ती न करता बरंच काम करून जातं. 20 च्या खाली कुलूप घालायचं असेल, तर 24 च्या नियमातून काय साधलं आणि काय राहिलं, हे सरकारनं आधी लोकांपुढे मांडावं.

आता खिशाकडे येऊ. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: 100 युनिटपर्यंत एक दर, मग 101 ते 300, मग 301 ते 500, आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट राहत आला आहे, आणि वर 16 टक्के वीज शुल्क. याचा अर्थ असा की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. एक मोठं कुटुंब घ्या, तीन जुने पंखे, प्रत्येक दिवसाला 15 तास चालणारा. 75 वॅटच्या जागी 30 वॅटचा पंखा आला की एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. तिघांचे 60. ज्या घराचा वापर 150 युनिट होता, ते 90 वर येतं. हिशेबापुरता पहिल्या टप्प्याचा दर 6 रुपये आणि दुसऱ्याचा साडेअकरा धरला, तर महिन्याला सव्वासहाशेच्या वर रक्कम वाचली, वीज शुल्क वेगळंच. तीन पंख्यांना नऊ हजार लागले तरी दोन उन्हाळ्यांत ते वसूल. शिवाय लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे अडीच पट वेळ चालतात, आणि व्होल्टेज पडलं तरी बीएलडीसीचा पंखा मरगळत नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यांत मालक एकेका युनिटचा हिशेब ठेवतो, कारण भट्टीचा नफा-तोटा विजेवर ठरतो. तो हिशेब घरात करायला काय हरकत आहे?

पण इथेच एक सावधगिरीची गोष्ट. जास्त तारे म्हणजे प्रत्येकासाठी चांगला सौदा, असं नाही. एसीच्या लेबलवर वर्षाला अमुक युनिट असा जो आकडा असतो, तो वर्षात 1600 तास वापर धरून काढलेला असतो. समजा तीन ताऱ्यांच्या एसीवर 1000 युनिट लिहिलंय. तुमच्या घरी तो एप्रिल-मे मिळून 60 रात्री, आठ-आठ तास चालतो. म्हणजे 480 तास, आणि खरा वापर 300 युनिट. जुलै 2022 च्या तक्त्यात तीन ताऱ्यांची सुरुवात 3.8 ला होती आणि पाच ताऱ्यांची 5 ला. म्हणजे तेवढ्याच गारव्याला पाच ताऱ्यांच्या यंत्राला साधारण 24 टक्के वीज कमी. 300 मधले 72 युनिट वाचले, म्हणजे वर्षाला आठ-नऊशे रुपये. दुकानात किमतीतला फरक आठ-दहा हजारांचा असेल तर तो वसूल व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षं लागतील. अशा घरानं तीन तारे घेतले तर ते शहाणपणाचं. उलट मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एसी पाच महिने रोज दहा तास चालत असेल, तर पाच ताऱ्यांचाच घ्यावा. लेबल हुकूम देत नाही. आकडा देतं, आपला वापर त्यात घालून उत्तर आपल्याला काढायचं असतं. पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, फ्रिज तर बारा महिने चोवीस तास चालू, म्हणून तिथे जास्त ताऱ्यांचं पारडं बहुधा जड होतं.

लेबल वाचताना त्यावरचा कालावधीही बघा. तारे कायमचे नसतात. दर काही वर्षांनी माप कडक होतं आणि कालचा पाच ताऱ्यांचा एसी आज चार ताऱ्यांचा ठरतो. जपाननं 1998 मध्ये कायद्यात आणलेली ‘टॉप रनर’ पद्धत याच्याही पुढची. तिथे बाजारातला सगळ्यात चांगला नमुना पुढच्या काही वर्षांसाठी सगळ्या कंपन्यांचं लक्ष्य बनतो. आपल्याकडे दुकानदार जुना साठा जुन्याच ताऱ्यांच्या जोरावर खपवू बघतो, म्हणून ताऱ्यांच्या चित्रापेक्षा युनिटचा आकडा आणि तारीख वाचायची सवय हवी. बीईईचं मोबाइल अ‍ॅप आहे, त्यात मॉडेलचा नंबर टाकून दुकानात उभ्या उभ्या पडताळणी करता येते.

आता निवड खरी कुठे अडते ते बघू. पहिली जागा भाड्याचं घर. पंखा घरमालक लावतो, बिल भाडेकरू भरतो. मालकाला सगळ्यात स्वस्त पंखा परवडतो कारण महाग वीज त्याच्या खिशातून जात नाही. दुसरी जागा आपल्या अगदी जवळची: जहेज. फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, आता एसीसुद्धा. मुलीचा बाप कर्ज काढून यादी पुरी करतो. यादीत नग मोजले जातात, तारे नाही. मग ज्या किमतीत सगळे नग बसतील ती वस्तू येते, आणि पुढची पंधरा वर्षं तिचं बिल त्या नव्या संसाराच्या बोकांडी बसतं. जी मुलगी ती वस्तू वापरणार, तिला दुकानात कुणी विचारलेलंही नसतं. जहेजच्या विरोधात आपली चळवळ बोलत आली आहे ती न्यायाच्या मुद्द्यावर, आणि तो मुद्दा पुरेसा आहे. पण ‘सरकार आमची निवड हिरावतं’ असं म्हणणाऱ्या तरुणांनी हेही बघावं की आपल्याच घरात निवड कुणाच्या हातात आहे.

तिसरी आणि सगळ्यात मोठी अडचण रोख पैशाची. हमाली करणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या माणसाला दोन उन्हाळ्यांत पैसे वसूल होतील हे सांगून काय उपयोग? आज त्याच्या हातात बाराशे आहेत, तीन हजार नाहीत. तो स्वस्तातला किंवा जुन्या बाजारातला पंखा घेतो आणि दर महिन्याला जास्त वीज भरतो. गरिबाला गारवा श्रीमंतापेक्षा महाग पडतो तो असा. बाजारात हप्ते मिळतात, पण बहुतेकांत व्याज असतं, आणि सूद टाळणारी कुटुंबं त्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासाठी निवड आणखी अरुंद होते.

यावर उपाय नाही असं नाही. तो देशानं करून दाखवला आहे. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, म्हणजे ईईएसएल, या सरकारी कंपनीनं लाखोंच्या संख्येनं एलईडी बल्ब एकगठ्ठा खरेदी केले. 2014 च्या सुरुवातीला या खरेदीत एका बल्बचा दर 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांपर्यंत उतरला. 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. अनेक ठिकाणी ग्राहकाला पूर्ण रक्कम आधी भरायची गरज नव्हती. छोटे हप्ते वीज बिलातून वळते होत. कुणाच्या घरात जाऊन पिवळा बल्ब काढावा लागला नाही. चांगली वस्तू स्वस्त झाली आणि लोकांनी ती घेतली. 2023 मध्ये ईईएसएलनं एक कोटी पंख्यांचं उद्दिष्ट ठेवून तसाच कार्यक्रम जाहीर केला. आपली मागणी नेमकी हवी: महावितरणनं पाच ताऱ्यांचा पंखा बिनव्याजी हप्त्यांवर, बिलातूनच फेडता येईल असा द्यावा, आणि सुरुवात 100 ते 150 युनिट वापरणाऱ्या घरांपासून करावी. वाचलेल्या विजेच्या पैशातच हप्ता निघतो. यात खैरात काही नाही आणि सूदही नाही.

चौथी अडचण दुरुस्तीची, आणि ती आपल्या पोरांच्या रोजीरोटीशी जोडलेली आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानं दाखवून दिलं की मुस्लिम समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर, छोट्या धंद्यांवर जगणारे बरेच जास्त आहेत. आपल्या गल्लीत मोटर रिवाइंडिंग करणारा, फ्रिजमध्ये गॅस भरणारा, कूलर बनवणारा कोण असतो, हे सांगायला नको. जुना पंखा बंद पडला की तांब्याची तार गुंडाळून दोन-तीनशे रुपयांत चालू होतो. बीएलडीसीच्या पंख्यात सर्किट बोर्ड असतो. तो जळला की गल्लीतल्या कारागिराकडे सुटा भाग नाही, माहिती नाही, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब. मग विजेत वाचवलेला पैसा नव्या बोर्डात जातो. ‘निवड गेली’ ही तक्रार मला पटते ती इथे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू केलं. तारे देताना कंपनीवर एवढी अट का नसावी की सुटा भाग अमुक वर्षं बाजारात मिळेल आणि सर्किटची माहिती कुणाही कारागिराला मिळेल? जालन्याच्या आयटीआयमध्ये आणि शासकीय तंत्रनिकेतनात बीएलडीसी पंखे आणि इन्व्हर्टर एसीच्या दुरुस्तीचे छोटे वर्ग सुरू झाले, तर आपल्या शे-दोनशे तरुणांचा धंदा वाचेल आणि नवा उभा राहील.

पाचवी गोष्ट कूलर. मराठवाड्याच्या उन्हाळ्याचं खरं यंत्र तेच. कंपनीचा असो की कारागिरानं पत्रा वाकवून बनवलेला, त्यातली मोटर आणि पंप किती वीज खातात हे ग्राहकाला दुकानात कळत नाही. शिवाय कूलर पाणी पितो. जालना शहराला घाणेवाडी जलाशयातून आणि जायकवाडीच्या जलवाहिनीतून पाणी येतं, तरी नळ कित्येक दिवसांतून एकदा सुटतो. अशा गावात कूलरच्या लेबलवर दोन आकडे हवेत: तासाला वीज किती आणि पाणी किती लिटर. कारागिराला दंड लावून हे होणार नाही. चांगली मोटर कुठली, पाती कशी, गवताची ताटी किती जाड, हे तपासून सांगणारी एखादी सोय जिल्ह्यात हवी.

आणि शेवटी अंमलबजावणी. आपल्या राज्यात या कायद्यासाठी नेमलेली संस्था म्हणजे महाऊर्जा. कायद्यानं तपासणी अधिकारी नेमण्याची सोय आहे. अंबड, परतूर, घनसावंगीच्या आठवडी बाजारात लेबल नसलेला पंखा दिसला तर तपासणारं कुणी येतं का, हा प्रश्न आपण लेखी विचारू शकतो. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. ग्राहक म्हणूनही हात बांधलेले नाहीत. लेबल खोटं निघालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. मात्र पक्कं बिल हवं. बिनबिलाचा पंखा शंभर रुपये स्वस्त मिळतो आणि तक्रारीचा हक्क तिथेच विकला जातो.

इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, हा शब्द आपण जुम्माच्या बयानात अनेकदा ऐकतो. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी जपून वापरा, अशी शिकवण असलेला आपला दीन आहे. पण इस्राफ टाळायचा म्हणून मशिदीतले चालू पंखे उद्याच भंगारात घालू नका, तोही इस्राफच. मशिदीतला पंखा नमाजच्या वेळांपुरता, दिवसाला चार तास फिरतो असं धरा. नवा लावून महिन्याला पाच-साडेपाच युनिट वाचतात, पैसे वसूल व्हायला कित्येक वर्षं जातील. तोच पंखा मदरशाच्या वसतिगृहात, जिथे पोरं रात्रभर झोपतात, किंवा आजारी माणसाच्या खोलीत लावला तर फायदा लगेच दिसतो. म्हणून क्रम असा ठेवा: जो पंखा सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी बदला. मशिदीत जो बंद पडेल त्याच्या जागी नवा चांगला घ्या. ट्रस्टी मंडळींनी खरेदी करताना तीन कोटेशनं मागवतात तशी तीन लेबलं शेजारी ठेवून बघावीत. मोहल्ल्यानं मिळून पन्नास पंखे एकदम घेतले तर भावही उतरतो आणि सर्व्हिससाठी कंपनीवर दाबही राहतो.

हे काम करायला इंजिनिअर असावं लागत नाही. गुणाकार-भागाकार येणारी अकरावी-बारावीची मुलं-मुली पुरेत. प्रत्येक शाखेनं येत्या रमजानआधी आपल्या गल्लीतल्या 25 घरांची मागची बारा बिलं बघावीत, कुठलं यंत्र किती वॅटचं आणि किती तास चालतं ते लिहावं, आणि घरातल्या बाईला, कारण यंत्रं जास्त तीच वापरते, तिचा हिशेब समजावून सांगावा. ही कागदं जमली की महावितरण, महाऊर्जा आणि जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आपण भावना घेऊन जाणार नाही, आकडे घेऊन जाऊ. तुमचे तक्ते आमच्याकडे पाठवा. नावं वगळून ते आम्ही दोन्ही भाषांत छापू, आणि बिलातून बिनव्याजी पंखा ही मागणी त्यांच्याच आधारावर पुढे नेऊ.